राजा कोण होता?

मागच्या वर्षी आमचा ग्रुप प्रोजेक्ट स्पर्धेसाठी पुण्याला गेला होता. आमच्या सर्किटने परीक्षकांसमोरच मान टाकली, त्यामुळे दुपारी बारालाच आम्ही मोकळे! नाशिकची एसटी संध्याकाळची. बाकीच्या मैत्रिणी तुळशीबागेत घुसल्या. मला कानातल्यांत फारसा रस नाही, म्हणून जवळच शुक्रवार पेठेत असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले.

आता एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरात बोलते, पण मराठी इतिहास परीक्षेपुरताच. त्यामुळे राजा दिनकर केळकर हे नाव वाचून मला वाटलं, हे कुठल्यातरी संस्थानाचे राजे असणार. सांगलीचे असतात, औंधचे असतात, तसे हे केळकर! आत गेल्यावर मी सिंहासन शोधायला लागले. सिंहासन काही दिसेना. दिसले काय, तर अडकित्ते. एक नाही, दोन नाही, कपाटभर अडकित्ते! पक्ष्यांच्या आकाराचे, घोड्यांच्या आकाराचे. मग दिवे, दौती, कुलुपं, पानाचे डबे, टाचा घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. मनात म्हटलं, हा कसला राजा? हा तर आपल्या आजीच्या माळ्यावरचा माल आहे.

शेवटी तिथल्या माहितीवरून उलगडा झाला. राजा म्हणजे कोणी महाराज नव्हते. राजा हा सात वर्षांचा मुलगा होता. दिनकर त्याच्या वडिलांचं नाव आणि केळकर आडनाव. आपण शाळेच्या वहीवर लेबल लावून लिहितो ना, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तेच ते! अख्ख्या संग्रहालयाच्या पाटीवर एका लहान मुलाचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. हे कळल्यावर मी पहिल्या दालनात परत गेले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

मित्रांनो, त्या मुलाच्या वडिलांबद्दल मला लिहायचंय. त्यामागे माझा स्वार्थही आहे, तो आधीच सांगून टाकते. माझ्याकडे एकतीस जुने रेडिओ आहेत. होते, असं म्हणायला हवं. पंचवटीत गंगेकडे उतरणाऱ्या एका बोळातल्या जुन्या वाड्यात आम्ही राहतो. पहिला रेडिओ माझ्या आबांचा, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. 2016 च्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी आमच्या बोळात शिरलं. तेव्हा आबांनी धान्याच्या डब्यांच्याही आधी तो रेडिओ माडीवर नेला होता. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. त्यानंतर मी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून एकेक रेडिओ उचलायला लागले. पन्नास रुपयाला, शंभर रुपयाला, कधी नुसतीच पेटी. बघता बघता एकतीस झाले! पलंगाखाली, जिन्याखाली, देवघराच्या बाजूला, सगळीकडे रेडिओ. आता वाडा पडणार आणि तिथे इमारत होणार. आम्हाला दोन खोल्या आणि हॉल मिळणार. आईने मला एक कपाट देऊ केलं आणि बाकीचं भंगारवाल्याला द्यायची तारीखसुद्धा ठरवून टाकली. अशा मनःस्थितीत मी त्या संग्रहालयात उभी होते, म्हणून ती गोष्ट मला जरा जास्तच लागली.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. (ई अँड टीसीवाल्यांनी लक्षात ठेवायला सोपं साल. मार्कोनीने बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी इंग्लंडमध्ये अर्ज केला तेच!) पुण्यात त्यांच्या घरचा चष्म्याचा धंदा होता आणि दिनकरराव त्या दुकानात बसत. म्हणजे लोकांना नीट दिसावं याची सोय करणं हा पोटापाण्याचा व्यवसाय. मन मात्र कवितेत. अज्ञातवासी या नावाने ते कविता लिहीत आणि त्या काळच्या वाचकांना ते नाव चांगलं ठाऊक होतं. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा दुसरा भाग त्यांनी संपादित केला. महाराष्ट्र शारदा नावाचा मराठी कवितांचा निवडक संग्रहही त्यांनी काढला. माझ्या मते इथेच त्यांचा स्वभाव दिसतो. स्वतःची कविता लिहून झाली की माणूस थांबतो. हे दुसऱ्यांच्या कविताही वेचत बसले. विखुरलेलं हरवू नये म्हणून एका जागी आणायचं, हे वेड वस्तूंच्या आधी कवितेपासूनच होतं.

इतिहासाचीही आवड होती. पुण्यात आणि आजूबाजूला जुन्या सरदार घराण्यांचे वाडे होते. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झालेली. वाड्यांत माणसं कमी आणि सामान जास्त. 1920 च्या सुमारास केळकरांनी अशा घरांतून वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पहिलंवहिलं संग्रहालय म्हणजे त्यांचं चष्म्याचं दुकानच! काही शस्त्रं, काही जुन्या घरगुती वस्तू तिथे मांडलेल्या असत. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला जुना दिवाही बघायला मिळायचा.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळात जुनं जमवणारे लोक नव्हते असं नाही. पण राजेरजवाडे आणि मोठी संग्रहालयं जमवायची ती मूर्ती, नाणी, चित्रं, दागिने. ज्याला बाजारात किंमत आहे असा माल. केळकरांचं लक्ष हळूहळू दुसरीकडेच वळलं. रोज हाताळायच्या वस्तूंकडे. सुपारी कशाने कातरली, दिवा कशात लावला, शाई कशात ठेवली, पाय कशाने घासले, दाराला कुलूप कसलं लावलं. या गोष्टी कोणी जपत नाही, कारण त्या वापरून झिजण्यासाठीच असतात. आणि नेमका तोच काळ असा होता की त्या भराभर नाहीशा होत होत्या. घरात वीज आली, समया आणि लामणदिवे माळ्यावर गेले. फाउंटन पेन आलं, दौती गेल्या. पुढे स्टील आलं, तेव्हा तर बायकांनी पितळेची भांडी मोडीत घालून चकचकीत डबे घेतले. आमच्या नाशिकचं तांब्यापितळेचं काम एवढं नावाजलेलं, पण माझ्या पणजीचा हंडासुद्धा असाच मोडीत गेला म्हणे. वितळलेल्या पितळेवर कोणाचं नाव राहत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. त्यानंतर तर जुन्या घरांबरोबर घरातलं सामानही झपाट्याने गेलं. केळकर जे वेचत होते त्याला तेव्हा भंगार म्हणायचे. ते वेचत राहिले.

मधल्या काळात तो घाव बसला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. यावर मी जास्त काही लिहू शकत नाही आणि लिहूही नये. एवढंच की, त्यानंतर तो संग्रह दिनकर केळकरांचा राहिला नाही, राजाचा झाला. कवी माणूस होता, मुलावर कविता लिहून मन मोकळं करता आलं असतं. त्यांनी मुलाच्या नावाने घर भरलं. एखादा म्हणेल, दुःखाला हा चांगला मार्ग सापडला. दुसरा म्हणेल, दुःखात माणूस वस्तूंच्या मागे लागला. आबा गेल्यावर मी काय केलं हे आठवलं की मला दोन्ही खरं वाटतं.

पुढची अनेक दशकं हा माणूस भारतभर फिरला. महाराष्ट्रापुरतं बघायचं हेसुद्धा बंधन राहिलं नाही. गुजरात, राजस्थान, दक्षिण, जिथे जिथे माणसं आपल्या रोजच्या वस्तू नक्षीने सजवत होती तिथून त्या आणल्या. कोरीव लाकडी दरवाजे आणले, वाद्यं आणली, गंजिफाचे पत्ते आणले, चित्रकथीची चित्रं आणली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. आपण पलंगाखाली रेडिओ लपवतो, यांनी घरात महाल आणून ठेवला! 1960 पर्यंत वस्तूंचा आकडा सुमारे 15,000 वर गेला होता.

आता खरं सांगा, याला आटोक्यातला छंद म्हणायचं का? अजिबात नाही. मीही आईला केळकरांचं उदाहरण देऊन बघितलं. तिने एकच प्रश्न विचारला, त्यांच्या बायकोचं काय झालं असेल? मी गप्प. त्यांच्या पत्नीचं नाव कमलाबाई. या सगळ्या कामात त्या त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या, हे संग्रहालयाच्या इतिहासात आदराने सांगितलं जातं. पण संसार चष्म्याच्या दुकानावर चालायचा. वस्तूला लागणारा पैसा आणि जागा, दोन्ही त्याच संसारातून निघायचं. घराचं संग्रहालय होतं तेव्हा स्वयंपाकघर, बाळंतपण, पाहुणे, आजारपण यांना किती कोपरे उरतात, याचा हिशोब कुठल्या दालनात लावलेला नसतो. म्हणून मला वाटतं, पाटीवर राजाचं नाव वाचताना कमलाबाईंचंही मनात घ्यावं. आईचा प्रश्न बरोबर होता.

मग तरीही हा संग्रह म्हणजे अडगळ का झाली नाही? संग्रहालयातून परत येताना नारायणगाव ते संगमनेर मी हाच विचार करत होते. (बाकी सगळे झोपले होते.) मला तीन कारणं सापडली.

पहिलं कारण, त्यांनी वस्तूंना विषय दिला. जुनं दिसलं की उचललं, असं नव्हतं. माणूस रोजच्या वापरातल्या वस्तूलाही सुंदर का करतो, हा एक प्रश्न धरून त्यांनी वस्तू गोळा केल्या. त्यामुळे शंभरावा अडकित्ता आला तरी तो नव्याण्णवांशी बोलतो. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक बिजागरी पुरते. लिव्हरचं तत्त्व सगळीकडे तेच. पण कारागिराने प्रत्येक वेळी त्या लिव्हरचं काहीतरी वेगळंच केलं. आमच्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सला हा विभाग दाखवायला पाहिजे!

दुसरं कारण, ते नुसतं जमवत बसले नाहीत, अभ्यासही केला. भारतातल्या दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते 1961 मध्ये काढलं. म्हणजे दिवा माळ्यावरून फळीवर आला एवढंच नाही, तर फळीवरून पुस्तकात गेला. ज्या वस्तूबद्दल चार वाक्यं लिहिता येत नाहीत ती आपल्याकडे कशासाठी आहे, हा प्रश्न प्रत्येक छांदिष्टाने स्वतःला विचारावा.

तिसरं कारण सगळ्यात अवघड. त्यांनी तो संग्रह देऊन टाकला. वयाची साठी उलटल्यावर, हयात असताना, अख्खा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. विकला असता तर काय किंमत आली असती याचा विचार करा. परदेशात अशा वस्तूंना केवढी मागणी! तुकड्या-तुकड्याने विकला असता तर पुढच्या पिढ्या निवांत जगल्या असत्या. पण तुकडे झाले असते तर राजाचं नाव कशावर राहणार? हा माणूस वस्तूंना चिकटलेला होता असं आपल्याला वाटतं. पण चिकटलेला माणूस जिवंतपणी देत नाही. तो मेल्यावर नातेवाईक टेम्पो बोलावतात.

त्यांना पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. 17 एप्रिल 1990 ला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. चष्म्याच्या दुकानातल्या मांडणीपासून सुरू झालेलं काम सत्तर वर्षं चाललं होतं.

आज त्या संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत. त्यातल्या मांडलेल्या किती? सुमारे 2,500. म्हणजे आठातली एक. बाकीच्या सात आत ठेवलेल्या. जागा कमी पडते म्हणून बावधनला नवं मोठं संकुल करायची योजनाही आखली गेली. हा आकडा वाचून मला फार धीर आला. सरकार पाठीशी असलेल्या संग्रहालयालाही सगळं मांडता येत नाही, तर माझी काय कथा! तोच हिशोब मी माझ्या रेडिओंना लावला. एकतीस भागिले आठ म्हणजे जेमतेम चार. आईचं कपाट तेवढंच होतं.

पण कुठले चार? चांगले दिसणारे? चालू असलेले? घरी आल्यावर मी एक फुलस्केप वही घेतली आणि प्रत्येक रेडिओला एक पान दिलं. नंबर, कंपनी, किती बँड, आत व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, आणि शेवटचा रकाना, कोणाच्या घरात वाजायचा. पहिले रकाने भराभर भरले. शेवटचा रकाना मात्र एकतीसपैकी सव्वीस पानांवर कोराच राहिला. तेव्हा लख्ख कळलं. केळकर वस्तू घराघरांतून आणायचे, त्यामुळे वस्तूमागे घर असायचं. मी बाजारातल्या ढिगातून उचलल्या, पैसे स्वस्त पडले म्हणून. मी रेडिओ जमवत नव्हते. आबांचा रेडिओ एकटा पडू नये म्हणून त्याच्याभोवती गर्दी जमवत होते.

उरलेल्या पाच पानांवर नावं होती. एक आबांचा. एक शेजारच्या काकूंचा, त्यांनी लग्नात मिळालेला स्वतः आणून दिला होता. एक शिंपीकाकांच्या दुकानातला, मशीनच्या आवाजावर मात करून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकवणारा. एक मावशीच्या गावचा. आणि एकासोबत तर पोस्टाने दिलेलं रेडिओ लायसनचं पुस्तकसुद्धा होतं, त्यामुळे मालकाचं नाव आपोआप मिळालं. पूर्वी रेडिओ ऐकायला लायसन लागायचं, हे आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना खरंच वाटत नाही!

ते पाच ठेवले. हिशोबापेक्षा एक जास्त, पण केळकरांनीही हिशोब कुठे पाळला होता? बाकीच्यांपैकी अठरा आमच्या कॉलेजच्या लॅबला दिले. सेकंड इयरची मुलं ते उघडतात, आयएफ ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन बघतात. पुस्तकातल्या सुपरहेटरोडाइनच्या ब्लॉक डायग्रॅमपेक्षा ते कधीही बरं. आठ अगदी मेलेले होते, ते एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्या काकांनी पार्टसाठी नेले. भंगारवाला ठरलेल्या तारखेला आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. देताना वाईट वाटलं का? दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून सायकल सरळ काढता आली तेव्हा कमी झालं.

एक राहिलं. आबांच्या रेडिओला मी कार्ड लावलंय. त्यावर कंपनीचं नाव खाली, बारीक अक्षरात आहे. वर आबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. वहीच्या लेबलवर लिहितात तसं. ही कल्पना माझी नाही, कोणाची ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

पुण्याला गेलात तर तुळशीबागेतून दहा मिनिटं काढा आणि तिथे जा. दहाचे दोन तास होतील, ते माझ्या नावावर लिहा. आणि घरी काही जमवत असाल, नाणी, काड्यापेट्या, पोस्टाची तिकिटं, काहीही, तर आधी एक वही घ्या.

मी गेले तीन बुधवार बाजारात गेलेले नाही. चौथ्याची खात्री देत नाही.

— टी. ई. (ई अँड टीसी)